बाग उंच, गल्ली सखल

पुण्याच्या उपनगरांतल्या बऱ्याच बागांमध्ये शिरताना दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांमागची हकिगत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. बागेसाठी राखलेला भूखंड ताब्यात येतो तेव्हा तो आजूबाजूच्या बांधकामांचा राडारोडा टाकायची जागा झालेला असतो. तो उचलून न्यायला पैसे जास्त लागतात, त्याच्यावर मुरूम पसरायला कमी. मग मुरमावर लाल माती, मातीवर लॉन, कडेने जोतं आणि जोत्यावर भिंत. बाग रस्त्याच्या वर दीड-दोन फूट उचललेली. दिसते छान. पाऊस आला की तिच्यातलं पाणी माती घेऊन फाटकातून रस्त्यावर येतं आणि समोरच्या पार्किंगमध्ये शिरतं. आख्ख्या वस्तीत मातीचा एवढा मोठा उघडा तुकडा दुसरा नसतो, आणि तोच पाणी बाहेर ढकलत असतो.

मी स्थापत्य अभियंता आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं पुरंदर आणि पारनेर भागात पाणलोटाच्या कामांवर गेली. समतल चर, नालाबांध, शेततळी. तिथे कुणालाही, अगदी शाळेतल्या पोरालासुद्धा, काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं हे सांगावं लागत नाही. शहरात आलो आणि सगळं उलट झालं. इथे पाणी म्हणजे घालवायची वस्तू. पाइप किती इंची, उतार किती, चेंबर किती अंतरावर, एवढ्यावर आमचा अभ्यास संपतो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही पाटी एसटीतून सासवडला जाताना वाचायची, सोसायटीच्या फाटकाशी आलं की विसरायची.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीनंतर यात थोडा फरक पडला. कात्रजच्या डोंगरातून उतरणारा आंबिल ओढा त्या रात्री काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरला. माणसं, जनावरं, गाड्या वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी चिखलात उभ्या राहिलेल्या लोकांना एक गोष्ट ध्यानात आली की हा ओढा रोज आपल्या शेजारी होता आणि आपण त्याला गटार समजत होतो. त्यानंतर आमच्या ऑफिसात जी विचारणा येऊ लागली ती वेगळी होती. आधी लोक ‘पाणी काढून द्या’ म्हणायचे. आता काहीजण ‘हे पाणी येतं कुठून?’ असं विचारायला लागले. त्यातल्याच एका कॉलनीतल्या बागेचं हे काम. कॉलनी ओढ्याच्या काठावर नाही, पण त्याच उतारावर आहे. बाग दीडेक एकराची.

आंबिल ओढ्याला पुण्याने अनेकदा हलवलंय. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याची वाट बदलून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, तळ्यातल्या बेटावर पुढे गणपती बसला. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत नळाने पाणी आणलं तेही त्याच काळातलं. विसाव्या शतकात पर्वतीचं तळं बुजवून तिथे सारसबाग केली. गणपतीला अजून तळ्यातला गणपती म्हणतात, तळं मात्र नाही. कामाच्या बैठकांत मी हे मुद्दाम सांगायचो, कारण बागेत पाणी साठवायचं म्हटलं की लोकांना ती कुठून तरी परदेशातून आणलेली कल्पना वाटते. पुण्यातली ही गजबजलेली सारसबाग तर तळ्याच्या तळावरच आहे.

कामाची सुरुवात छत्री घेऊन झाली. नकाशावरच्या समपातळी रेषा खऱ्या असतात, पण त्या रस्त्यावरच्या डांबराच्या आधीच्या. दर काही वर्षांनी डांबराचा थर चढतो, स्पीडब्रेकर होतात, कुणी आपल्या फाटकापुढे सिमेंटचा उंबरा घालतं, आणि पाणी वाट बदलतं. म्हणून भर पावसात फिरायचं आणि पाण्याच्या मागे जायचं, एवढंच. डंपी (पातळी मोजायची दुर्बीण) लावून घेतलेल्या पातळ्या नंतर कागदावर आल्या. खरी माहिती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दिली. त्याच्या टपरीच्या पायावर दरवर्षीच्या पाण्याची रेघ होती. बागेचा वॉचमन म्हणाला, ‘साहेब, वरचा रस्ता भरला की पाणी बागेच्या भिंतीला आपटतं, भिंतीच्या कडेकडेने पळतं आणि खालच्या गल्लीत पडतं.’ भिंत नसती तर ते बागेत आलं असतं का? नसतंच आलं, बाग उंच होती.

बागेच्या वरच्या अंगाची सुमारे तीन हेक्टर वस्ती आपलं पाणी या कोपऱ्यात आणून सोडते. गच्च्या, डांबरी रस्ते, पेव्हर ब्लॉक घातलेली अंगणं. पडलेल्या पावसातला ऐंशी टक्के तरी वाहून येतो असं धरायला लागतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हा हिशोब कुणालाही तोंडी करता येतो. दहा मिलिमीटर पडला तर तीन हेक्टरांवरून दोन लाख चाळीस हजार लिटर खाली येणार. टँकरच्या भाषेत सांगितलं की लोकांचे डोळे मोठे होतात, कारण मे महिन्यात याच कॉलनीत दहा हजार लिटरचा टँकर पैसे मोजून येतो. चोवीस टँकर, एका मध्यम सरीत, फुकट, आणि त्यांना पार्किंगमधून उपसून काढायला पुन्हा पंपाचं भाडं.

बागेतली हिरवळ वीस गुंठ्यांची होती, म्हणजे दोन हजार चौरस मीटर. ती सपाट करण्याऐवजी आसपासच्या रस्त्यापेक्षा खाली नेली आणि तिच्यात फूटभर पाणी उभं राहू दिलं, तर सहा लाख लिटर मावतं. म्हणजे वरच्या वस्तीवर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढा सगळा. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातल्या बहुतेक सरी याहून लहान असतात. शंभर मिलिमीटरचा दिवस आला, जसा १७ ऑक्टोबर २०२२ ला शिवाजीनगरला आला, तर बाग भरून जाईल आणि बाकीचं पाणी वाट काढेल. हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. काहींना ते आवडलं नाही. ‘मग उपयोग काय?’ उपयोग असा, की सगळं पाणी एकाच वेळी खालच्या गल्लीत पोहोचत नाही. पावसाळी गटाराला जेवढं झेपतं तेवढं ते वाहत राहतं आणि उरलेलं बागेत काही तास थांबतं. पूर म्हणजे बऱ्याचदा पाण्याच्या घाईचा त्रास असतो.

बैठका बागेतच व्हायच्या, संध्याकाळी, हास्यक्लबच्या कट्ट्यावर. सकाळचे चालणारे, क्रिकेटवाली पोरं, लहान मुलांच्या आया, आणि खालच्या गल्लीतले पाणी उपसून वैतागलेले, असे चार गट. पहिला आक्षेप डासांचा. तो रास्त होता. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. पाणी दोन दिवसांच्या आत जिरलं किंवा निघून गेलं तर त्याचं तिथे काही होत नाही. त्याला तुमच्या गच्चीवरचा टायर आणि फ्रिजमागचा ट्रे जास्त आवडतो, असंही मी म्हणालो, ते जरा जास्तच झालं असावं. दुसरा आक्षेप साप. तिसरा, पोरं बुडतील. त्याचं उत्तर आराखड्यात होतं: कुठेही गुडघ्याच्या वर पाणी नाही, आणि कडा इतक्या सावकाश उतरत्या की चेंडू आणायला गेलेलं पोर घसरणार नाही.

खरा वाद पेटला तो एका निवृत्त काकांच्या प्रश्नावरून. ‘वरच्यांचं पाणी आम्ही आमच्या बागेत का घ्यायचं? त्यांनी त्यांची सोय करावी.’ टाळ्या पडल्या. पाणलोटाच्या कामात हा प्रश्न गावोगाव येतो, फक्त तिथे तो उलटा असतो. तिथे खालचे म्हणतात, वरच्यांनी आमचं पाणी अडवलं. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात खालच्या गल्लीतल्या एक आजी खुर्चीतून न उठता म्हणाल्या, ‘अहो भाऊ, घ्यायचं की नाही हे तुम्हाला पाणी विचारतंय होय? ते येतंच आहे की. तुमच्या बागेत थांबलं नाही तर माझ्या स्वयंपाकघरात थांबतं.’ त्यानंतर काका गप्प झाले असं नाही, पण टाळ्या थांबल्या.

मग माती बघायची होती. ठिकठिकाणी खड्डे घेतले. वरची सहा-आठ इंच विकत आणलेली लाल माती, रोलर आणि रोजच्या पावलांनी दगडासारखी झालेली. खाली विटांचे तुकडे, टाइल्स, एका ठिकाणी आख्खं कमोड. त्याखाली मूळची काळी माती, मग मुरूम, आणि त्याखाली मांजऱ्या खडक. खड्डा आधी एकदा पाण्याने भरून माती ओली करून घ्यायची, मग पुन्हा भरायचा आणि तासाला पातळी किती उतरते ते बघायचं. वरच्या थरात पाणी बोटभर उतरायलाही कंटाळा करत होतं, मुरमात मात्र चांगलं वीतभर जात होतं. दख्खनच्या पठारावर हे गणित फुटाफुटाला बदलतं. काळा पाषाण लागला तर थेंब जात नाही, मांजऱ्या किंवा भेगाळलेला खडक लागला तर तो पाणी पितो. त्यामुळे ‘एक बोअर मारा आणि सगळं पाणी आत सोडा’ असं कुणी म्हटलं की मी हात जोडतो. रस्त्यावरचं पाणी म्हणजे तेल, टायरचा भुगा, कुत्र्यांची घाण. ते गाळल्याशिवाय सरळ बोअरमध्ये सोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात सोडणं.

आराखडा शेवटी अगदी साधा झाला. वरच्या रस्त्याच्या कडेला कर्ब स्टोनमध्ये खाचा पाडायच्या आणि तिथली भिंत तळाशी उघडून जाळी बसवायची. जाळीतून आलेलं पाणी आधी गाळकुंडात पडेल, तिथे वाळू-प्लास्टिक खाली बसेल. मग ते चालण्याच्या ट्रॅकच्या कडेने, दगड पसरलेल्या आणि वाळा-कर्दळ लावलेल्या उथळ चरातून सावकाश हिरवळीकडे जाईल. हिरवळीच्या तळाशी मुरमापर्यंत नेलेले, दगड-खडी-वाळूने भरलेले शोषखड्डे. आणि सगळ्यात खालच्या टोकाला सांडवा, म्हणजे फूटभर पाणी झालं की पुढचं मुकाट्याने पावसाळी गटारात. ट्रॅक उंचावरच ठेवला. पुण्यात सकाळच्या चालणाऱ्यांशी वैर घेऊन कुठलंही सार्वजनिक काम पुरं होत नाही.

अंदाजपत्रक करताना वेगळीच गंमत. सरकारी दरसूचीत भिंत आहे, पेव्हर आहे, ग्रॅनाइट आहे. ‘पाणी जिरवणारी बाग’ नावाची वस्तू कुठून असणार? म्हणून आमची आख्खी कल्पना ‘सर्व प्रकारच्या मातीत खोदाई’, ‘रबल भरणे’, ‘वाळू पुरवणे’ अशा कलमांत चिरून बसवावी लागली. कागदावर ते काम एखाद्या शौचालयाच्या टाकीसारखं दिसत होतं. सुदैवाने केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेने (सीपीएचईईओ) २०१९ मध्येच पावसाळी निचऱ्याची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली होती. फाइलला छापील आधार लागतो, तो मिळाला. दुसरी अडचण अशी की या कामात उद्घाटन करण्याजोगं काही नाही. गॅझेबोला फीत लावता येते, ओपन जिमसमोर फोटो निघतो. फूटभर खाली गेलेल्या जमिनीसमोर माननीयांनी उभं राहायचं कसं? शेवटी सांडव्याच्या दगडी तोंडाला हार घातला गेला. मला ते मनापासून आवडलं. गावाकडे बंधाऱ्याला नारळ फोडतातच की.

खोदाई पावसाळा संपल्यावर सुरू केली. जेसीबीवाल्याला सरळ रेषेत काम आवडतं, आणि बागेत सरळ रेषा शक्य नव्हती, कारण झाडं. जुन्या कडुनिंबाच्या आणि करंजाच्या पसाऱ्याखाली खोदायचं नाही हा नियम मी आखून दिला होता. मुळं तोडली की झाड लगेच मरत नाही. दोन वर्षांनी वादळात पडतं आणि दोष वादळाला जातो. त्यामुळे हिरवळीचा आकार वेडावाकडा झाला, झाडांच्या भोवती बेटं राहिली. आमचे मुकादम बीडचे, वडील बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर राबलेले. त्यांना नकाशाची गरज नव्हती. मजुरांना ते एवढंच सांगत, ‘खड्डा नाय करायचा रं, परात करायची.’ आणि खरंच, प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघत त्यांनी जो उतार काढला तो डंपीने तपासला तर बोटभराचाही फरक नव्हता. राडारोडा हायवा डंपरने बाहेर गेला. चांगली माती बागेतच एका बाजूला रचून मुलांसाठी टेकडी केली. सगळ्या प्रकल्पात सर्वांत लोकप्रिय ती टेकडीच ठरली, जी आमच्या आराखड्यात ‘अतिरिक्त मातीची विल्हेवाट’ म्हणून होती.

काम उन्हाळ्यात पूर्ण होत आलं आणि एक विचित्र गोष्ट दिसली. वरच्या रस्त्यावरून येणाऱ्या पावसाळी गटाराचा एक जोडही आम्ही गाळकुंडात घेतला होता. आकाशात ढग नाही, तरी त्यातून बारीक धार चालू. उन्हाळ्यात पावसाळी गटार वाहतंय याचा अर्थ एकच: वर कुणीतरी मैलापाण्याची लाइन त्यात सोडली आहे. असं पाणी बागेत घेणं शक्यच नव्हतं. त्या जोडावर लोखंडी झडप बसवून ती बंद केली आणि शोध सुरू केला. वरच्या सोसायट्यांच्या चेंबरमध्ये एकेक करून रंग सोडायचा आणि खाली कुठे निघतो ते बघायचं. एका सोसायटीचे सेक्रेटरी ठामपणे म्हणाले, ‘आमची लाइन व्यवस्थित आहे, तुम्ही पुरावा द्या.’ त्यांच्याच चेंबरमध्ये टाकलेला हिरवा रंग थोड्या वेळाने आमच्या गाळकुंडात उतरला. ते बघायला आले, बघितलं, आणि म्हणाले, ‘हे आधीच्या कमिटीच्या काळातलं.’ लाइन बदलायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर झडप बंद, फक्त रस्त्यावरून वाहणारं पाणी आत घेतलं. बागेत पाणी आणण्याच्या कामात सर्वांत जास्त वेळ गेला तो कुठलं पाणी आणायचं नाही, यावर.

त्याच फेरीत आणखी एक पाहायला मिळालं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवर पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय सक्तीची आहे, आधीपासूनही तसे नियम होतेच. बऱ्याच सोसायट्यांमध्ये ती सोय आहेही. झाकण उघडलं तर आत झाडू, जुनी ट्यूबलाइट आणि गेल्या गणपतीचं मखर. गच्चीचा पाइप बाजूने वळसा घालून थेट रस्त्यावर. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की खड्ड्याचं आयुष्य संपतं. या तीन हेक्टरांतल्या गच्च्यांनी आपलं पाणी आपल्या आवारात जिरवलं असतं तर बागेला एवढी मेहनत करावी लागली नसती. काकांचा प्रश्न त्या अर्थाने अगदी बरोबर होता.

पहिल्या जूनच्या सरींनी जाळी तुंबवली. गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, गुलमोहराची पानं, एक चप्पल. पाणी भिंतीला आपटून पुन्हा जुन्या वाटेने खालच्या गल्लीत गेलं आणि मला संध्याकाळी जे फोन आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. जाळीचे गज बदलून विरळ केले, पुढे आडवा दगड घातला, म्हणजे कचरा आधी अडेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इस्त्रीवाल्याने स्वतःहून पाऊस सुरू झाला की काठीने जाळी मोकळी करायला सुरुवात केली. त्याचा हितसंबंध सरळ होता. निविदेत देखभालीची कितीही कलमं घाला, ज्याच्या टपरीत पाणी शिरतं त्याच्याइतका तत्पर कंत्राटदार मिळत नाही.

मग एकदा परतीच्या पावसात, कडकडाटासह तासभर झोडपणारी ती पुणेरी सर आली. मी पोहोचलो तेव्हा निम्मी कॉलनी छत्र्या घेऊन ट्रॅकवर उभी होती. हिरवळीवर पोटरीपर्यंत पाणी, चरातून आणखी येत होतं, सांडव्यावरून अजून काही पडत नव्हतं. क्रिकेटवाली पोरं आत उतरलेली, त्यांच्या आया ओरडत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गवत दिसायला लागलं. खालच्या गल्लीत त्या रात्री पाणी आलंच नाही असं म्हणता येणार नाही, रस्त्यावर आलं. पण पार्किंगचे उंबरे ओलांडले नाहीत.

दुसऱ्या वर्षी पाणी जिरायला जास्त वेळ लागला. कारण गाळ. रस्त्यावरची बारीक माती गाळकुंडात बसत नाही, ती पाण्याबरोबर येते आणि हिरवळीवर साय धरते. यावर उपाय कुठल्या पुस्तकातून आला नाही, तो माळीमामांनी केला. उन्हाळ्यात त्यांनी साय फावड्याने खरवडून काढली, दाताळ्याने जमीन सैल केली, वाळू आणि शेणखत फिरवलं. आम्ही लावलेलं मेक्सिकन लॉन पहिल्याच पावसाळ्यात कुजलं होतं. त्याच्या जागी त्यांनी हरळी पसरू दिली. ‘तुमच्या त्या महागाच्या गवताला पाण्यात उभं राहता येत नाही साहेब, आणि हिला मरताच येत नाही.’ सखल भागात लव्हाळा आपणहून आला, तोही त्यांनी ठेवला. शोषखड्ड्यांवरची वाळू दर उन्हाळ्याअखेर बदलायची हे ठरलेलं आहे. ती बदलली जाते की नाही हे बघायला मी आणि ते, दोघंही मे महिन्यात जातो.

नव्या तक्रारीही आल्या. एका गृहस्थांनी लेखी दिलं की पावसाळ्यात बेडकांच्या ओरडण्याने झोप लागत नाही. पाण्याच्या कडेला वंचक बसायला लागला तर कुणी म्हणालं, बगळे घाण करतात. बागेशेजारच्या एका विहिरीचं पाणी डिसेंबरपर्यंत वर राहिलं असं तिथले लोक सांगतात. त्याचं श्रेय बागेला द्यायला मी तयार नाही. त्या वर्षी पाऊसही बरा होता, आणि खडकातलं पाणी कुठून कुठे जातं हे एका विहिरीवरून ठरत नाही.

असली कामं इतरत्रही होतात, पण एकाची नक्कल दुसरीकडे चालत नाही. मुंबईत हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट. तिथलं पाणी पंपाने खेचून दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखालच्या आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत साठवायची सोय महापालिकेने केली. समुद्राला भरती असली की पाण्याला बाहेर जायला वाटच नसते, म्हणून तिथे टाकी आणि पंप यांना इलाज नाही. बँकॉकमध्ये २०१७ साली झालेलं चुलालोंगकोर्न विद्यापीठाचं शताब्दी उद्यान आख्खंच तिरकं बांधलंय, म्हणजे पाणी एका टोकाच्या तळ्यात आपोआप उतरतं. कोचाकोर्न वोराआखोम या लँडस्केप आर्किटेक्टने सपाट शहरात मुद्दाम उतार तयार केला. पुण्याला तो उतार फुकट मिळालेला आहे. डोंगर आहेत, ओढे आहेत, खाली मुरूम आहे. इथे पंप बसवायचा प्रस्ताव कुणी आणला तर मी आधी पायऱ्या मोजायला जातो.

या बागेने पूर थांबवला असं कुणी लिहिलं तर ते खोटं आहे. तिने एका गल्लीचा त्रास कमी केला, तोही जाळी साफ असेल आणि वाळू बदलली असेल तर. आंबिल ओढ्यासारख्या प्रवाहासाठी अशा एका बागेने भागत नाही. वरपासून खालपर्यंत जेवढे मोकळे तुकडे उरलेत ते सगळे लागतील, शाळांची मैदानं, दुभाजक, सोसायट्यांची आवारं सुद्धा. आणि नव्या बागा तरी उंच बांधणं थांबवायला हवं. जुनी बाग खाली नेण्याचा खर्च नवी बाग आधीच खाली ठेवण्यापेक्षा कितीतरी जास्त येतो, आमच्या कामात मोठा वाटा राडारोडा बाहेर नेण्यातच गेला.

पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या प्रभागातली छोटी कामं मागवते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात, साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात. दरवर्षी त्यात बाक, पेव्हर ब्लॉक आणि नामफलक मागितले जातात. या पावसाळ्यात एकदा तुमच्या बागेच्या फाटकाशी उभं राहून पाणी आत जातंय की बाहेर येतंय ते बघा. बाहेर येत असेल, तर बाकाऐवजी तेवढं त्या अर्जात लिहा.